पेप्टाइडने सोन्याचे नॅनोकण जोडताना द्रावण थेट निळं-काळं का होतंय?

प्रश्न : तांबूस_कोलॉइड

नमस्कार मंडळी. कॉइल्ड-कॉइल (एकमेकींभोवती पीळ घालून गुंडाळी करणाऱ्या) पेप्टाइडची जोडी वापरून सोन्याचे १३ नॅनोमीटरचे कण एकमेकांना जोडायचे आहेत. एका कणावर ई-पेप्टाइड, दुसऱ्यावर के-पेप्टाइड. दोन्ही मिसळले की जोडणी व्हावी आणि तापवलं की कण परत सुटे व्हावेत, अशी अपेक्षा आहे.

सोनं : सायट्रेट पद्धतीने केलेलं. प्रकाशशोषणाचं पीक ५१९ नॅनोमीटरवर, पाचपट पातळ केल्यावर शोषण ०.७१. काचेच्या बाटलीत महिनाभर स्थिर आहे, रंग अगदी कोकम सरबताचा (कण सुटे असले की लाल, एकत्र जमले की निळं).

पेप्टाइड (एकाक्षरी संकेत देवनागरीत लिहितोय) :
ई : सी-ए-एल-एन-एन-जी-जी, पुढे (ई-आय-ए-ए-एल-ई-के) तीन वेळा, शेवट अमाइड.
के : सी-ए-एल-एन-एन-जी-जी, पुढे (के-आय-ए-ए-एल-के-ई) तीन वेळा, शेवट अमाइड.
दोन्ही विकत घेतलेले, शुद्धता ८५ टक्के, टीएफए (ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल) क्षार.

केलेली कृती : दोन्ही पेप्टाइडचे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे स्टॉक, त्यात ५ मिलिमोलर टीसीईपी (सिस्टीनचं गंधक मोकळं ठेवणारा क्षपणक). १ मिलिलिटर सोन्यात १० मायक्रोलिटर पेप्टाइड आणि हलकं ढवळणं.

झालं काय : ई घातल्यावर लालच. के घातल्यावर पाच सेकंदांत निळं, तासाभरात तळाशी काळा साका. ८० अंशांपर्यंत तापवलं, व्हॉर्टेक्स केलं, सोनिकेटरमध्ये धरलं, काही परत येत नाही. ई-वालं सोनं आणि के-वालं सोनं मिसळायची वेळच येत नाही. टीसीईपीच्या आम्लामुळे होतंय का? की पेप्टाइडच खराब आलंय?

---

उत्तर : ऋणभार

टीसीईपी नाही, आणि पेप्टाइडही खराब नाही. दोन्ही स्टॉकमध्ये टीसीईपी सारखंच आहे आणि ई-वाली नळी लाल राहिली, म्हणजे तो आरोपी सुटला. १० मायक्रोलिटरमधून सोन्यात जेमतेम ५० मायक्रोमोलर टीसीईपी जातंय. (मोठ्या आकारमानात मात्र लक्ष ठेवा. टीसीईपी हायड्रोक्लोराइडचं पाण्यातलं द्रावण पीएच २.५ च्या आसपास असतं, सोडियम हायड्रॉक्साइडने ७ वर आणूनच वापरायचं.)

खरा घोळ भाराचा आहे. हिशेब मांडू.

१३ नॅनोमीटरच्या सोन्याचा मोलर शोषणांक ५२० वर सुमारे २.७ × १०^८ धरतात. तुमचं मूळ शोषण ३.५५, म्हणजे कणांची संहती साधारण १३ नॅनोमोलर. आता पेप्टाइड. के-पेप्टाइडचा रेणुभार २९०८. त्यात सहा लायसिन (संकेतातले के) आणि एक मोकळं अमाइन टोक, म्हणजे सात टीएफए चिकटलेले, प्रत्येकी ११४. त्यामुळे तुम्ही तोललेल्या पावडरीत २१ टक्के नुसतं टीएफए आहे, पाणी वेगळंच. १० मायक्रोलिटरमधून १ मिलिलिटर सोन्यात खरं पेप्टाइड गेलं सुमारे २.७ मायक्रोमोलर. भागिले १३ नॅनोमोलर : एका कणाच्या वाट्याला दोनशेच्या आसपास रेणू.

कणाचा पृष्ठभाग ५३० वर्ग नॅनोमीटर. सी-ए-एल-एन-एन सारखं पेप्टाइड दाटीने बसलं तर वर्ग नॅनोमीटरला दोन-अडीच, म्हणजे कणाला हजार-बाराशे रेणू लागतात. तुम्ही एक-षष्ठांश दिलेत. सायट्रेटने ऋण असलेल्या कणावर धन पेप्टाइड अर्धवट बसलं आणि भार शून्याजवळ आला. शून्यभाराचे कण एकमेकांना दूर ढकलत नाहीत. ते भिडतात, आणि मधे पेप्टाइडची भिंत पुरेशी नसेल तर सोनं सोन्याला चिकटतं. तसं एकदा झालं की उष्णता काही करू शकत नाही.

आणि ई लाल राहिलं म्हणून ते बसलंय असं समजू नका. त्याच्यावर तीन ऋण भार आहेत. सायट्रेटही ऋण, पेप्टाइडही ऋण, त्यामुळे काहीही न बसता द्रावण सुखाने लाल राहू शकतं. एक साधी चाचणी करा : १०० मायक्रोलिटर ई-सोनं, त्यात १ मोलर मिठाचं पाणी ११ मायक्रोलिटर. शेजारी कोऱ्या सायट्रेट सोन्याची नळी ठेवा. कोरं सोनं लगेच निळं पडेल. ई-सोनं तासभर लाल राहिलं तरच ते झाकलं गेलंय.

---

उत्तर : हेलिक्सवाला

ऋणभार यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो दुरुस्त केल्यावरही जोडणी नीट होणार नाही, कारण आराखड्यातच एक खोट आहे.

ही ई/के जोडी समांतर बसते. दोन्ही साखळ्यांची एन-टोकं (सुरुवातीची, अमाइनची टोकं) एकाच बाजूला येतात. तुम्ही दोन्ही पेप्टाइड एन-टोकानेच सोन्याला बांधलेत. म्हणजे गुंडाळी पूर्ण व्हायची तर दोन्ही कण गुंडाळीच्या एकाच टोकाला यायला हवेत, आणि १३ नॅनोमीटरच्या दोन गोळ्यांना तिथे जागा कुठली? मधे नुसते दोन ग्लायसिन आहेत, तेवढ्यात वळसा घेता येत नाही. परिणामी अर्ध्याच गुंडाळ्या जुळतात, आणि भाराच्या ओढीने जे काही चिकटतं त्यालाच आपण जोडणी म्हणून बसतो. लिपिडच्या पुटिकांवर अशी एकाच टोकाची बांधणी चालते, कारण तिथे पडदे जवळ ओढायचेच असतात. कडक गोळ्यांचं तसं नाही.

उपाय असा : ई आहे तसं ठेवा. के उलट बांधा. एन-टोकाला असिटिल, मग (के-आय-ए-ए-एल-के-ई) तीन वेळा, मग जी-जी-सी आणि अमाइड. आता समांतर गुंडाळीच्या दोन टोकांना दोन कण येतात आणि मधे २१ अवशेषांची, ०.१५ नॅनोमीटरने गुणलं तर ३.१५ नॅनोमीटरची कांडी उभी राहते.

मागवताना एक गोष्ट कटाक्षाने सांगा. पेप्टाइडचं रासायनिक संश्लेषण सी-टोकाकडून (शेवटाकडून) एन-टोकाकडे होतं. सिस्टीन एन-टोकाला असेल तर ते सगळ्यात शेवटी लागतं. मधेच तुटलेल्या साखळ्यांना सिस्टीन नसतंच, त्या सोन्यावर पक्क्या बसत नाहीत आणि धुण्यात निघून जातात. म्हणून तुमचं ८५ टक्क्यांचं ई चालून जाईल. पण सिस्टीन सी-टोकाला घेतलंत की प्रत्येक तुटक्या साखळीला सिस्टीन असतं, आणि ती खऱ्या पेप्टाइडइतकीच घट्ट बसते. के ९५ टक्क्यांच्या वरच घ्या आणि मास स्पेक्ट्रम मागून घ्या. अपेक्षित वस्तुमान २५३८. त्याच्या पुढे ५१ वर दुसरं पीक असेल तर सिस्टीनचं गंधक जाऊन पिपेरिडीन लागलंय. सी-टोकाच्या सिस्टीनचा हा जुना आजार आहे.

आणखी एक अडचण. तुमच्या दोन्ही पेप्टाइडमध्ये टायरोसिन नाही, ट्रिप्टोफॅन नाही. २८० वर काहीच दिसणार नाही. पुन्हा मागवताच आहात तर असिटिलच्या लगेच पुढे एक टायरोसिन टाकून घ्या, १४९० चा शोषणांक मिळेल (मग वस्तुमान १६३ ने वाढलेलं धरा). तोवर २०५ वर मोजा, प्रत्येक पेप्टाइड बंधाला २७८०. हे टीसीईपी घालायच्या आधी आणि फॉस्फेटमध्येच करायचं. हेपीज बफर त्या लांबीवर सगळंच गिळून टाकतं.

---

तांबूस_कोलॉइड

दोघांचेही आभार. मिठाची चाचणी केली : कोरं सोनं लगेच निळं, ई-सोनं दोन मिनिटांत जांभळं. म्हणजे तेही अर्धवटच झाकलेलं होतं. सी-ए-एल-एन-एन हे साधं पेप्टाइड फ्रीझरमध्ये आहे, ते मिसळून वापरलं तर? किती टक्के के ठेवावं? आणि जोडणी झाली हे ओळखायचं कसं, निळा रंग आला की?

---

उत्तर : ऋणभार

मिसळूनच वापरायचं. सी-ए-एल-एन-एन (लेव्ही आणि सहकारी, २००४) याच कामासाठी बेतलेलं आहे : सिस्टीनचं गंधक आणि मोकळं अमाइन सोन्याकडे, अॅलानिन-ल्युसिन एकमेकांना खेटून दाट थर करतात, दोन अॅस्परॅजिन पाण्याकडे, आणि टोकाच्या कार्बॉक्सिलमुळे वरून ऋण भार.

के किती, याचं उत्तर भारातूनच निघतं. सी-ए-एल-एन-एन ला उणे एक, के ला अधिक तीन. थरात के २५ टक्के झालं की बेरीज शून्य. नेमका तिथेच साका बसणार. म्हणून १० टक्क्यांच्या वर जाऊ नका. १० टक्क्यांना सरासरी भार उणे ०.६ राहतो आणि तरीही एका कणावर सव्वाशे के-पेप्टाइड असतात, जोडणीला ते भरपूर आहेत. ५ टक्के आणखी निर्धास्त.

कृती, १ मिलिलिटरसाठी :

पेप्टाइडच्या बाटल्या फ्रीझरमधून काढून अर्धा तास बंदच ठेवा. पावसाळ्यात थंड बाटली उघडली की पावडर डोळ्यांदेखत पाणी ओढते आणि मग वजनाला अर्थ उरत नाही. के आणि सी-ए-एल-एन-एन साध्या शुद्ध पाण्यात विरघळतात. ई-पेप्टाइड विरघळत नाही, कारण त्याच्यासोबत आलेल्या टीएफएमुळे पाणी आम्ल होतं आणि आम्लात ते दुधाळ होऊन बसतं. त्याला ०.१ टक्के अमोनियाचे दोन-तीन थेंब द्या, पारदर्शक झालं की फॉस्फेटने पीएच ७.४ वर आणा.

सी-ए-एल-एन-एन १.३५ मिलिमोलर आणि के ०.१५ मिलिमोलर एकाच नळीत आधी मिसळा. टीसीईपी, पीएच ७ वर आणलेलं, २ मिलिमोलर. अर्धा तास थांबा. मोकळे थायॉल (सिस्टीनचे गंधक गट) एलमन अभिकर्मकाने मोजायचे असतील तर टीसीईपी घालायच्या आधी मोजा, नंतर टीसीईपी स्वतःच त्या अभिकर्मकाला पिवळं करतं आणि आकडा फुगतो. टीसीईपीऐवजी डीटीटी हा क्षपणक वापरू नका. त्याला दोन थायॉल आहेत, ते स्वतः सोन्यावर जाऊन बसतं.

हे १०० मायक्रोलिटर मिश्रण नळीच्या तळाशी ठेवा आणि त्यात ९०० मायक्रोलिटर सोनं एका दमात ओता, व्हॉर्टेक्स चालू असतानाच. उलट करू नका. सोन्यात थेंबथेंब पेप्टाइड घातलं की प्रत्येक कण शून्यभाराच्या जवळ रेंगाळतो. शेवटची संहती १५० मायक्रोमोलर पेप्टाइड आणि १२ नॅनोमोलर कण, म्हणजे गरजेच्या दहापट. खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवा. पीक ५१९ वरून ५२३-५२४ वर सरकेल, तेवढंच हवं. ५३० च्या पुढे गेलं तर थांबा, पुढचं सगळं वाया जाईल.

धुणं : १४,००० जी, ३० मिनिटं, ४ अंश. तळाशी काय दिसतं ते नीट पाहा. गडद लाल, तेलाच्या थेंबासारखा हलणारा ठिपका असेल तर कण जिवंत आहेत, टिचकी मारली की विरघळतो. नळीच्या भिंतीला काळपट, आरशासारखी चकाकणारी पापुद्री असेल तर ते सोनं गेलं. १ मिलिलिटरमधले ३५ मायक्रोलिटर ठेवून वरचं काढलं की एका धुण्यात तीसपट सफाई होते. पहिल्या धुण्यानंतरही मोकळं के ०.५ मायक्रोमोलर उरतं, आणि कणांवर बसलेलं आहे १.५ मायक्रोमोलर. म्हणजे मोकळं के अजून चांगलीच लुडबुड करणार. तीन धुणी सक्तीची. ई-सोनं याच पद्धतीने, ९० : १० वर.

---

उत्तर : बफर_बावळा

धुताना ०.००५ टक्के ट्वीन-२० (सौम्य डिटर्जंट) घाला, नाहीतर प्लास्टिकच्या नळीला बरंच सोनं चिकटून राहतं. मात्र मिठाची चाचणी ट्वीनच्या आधी करा. ट्वीन एकटंच सायट्रेट सोन्याला मिठापासून वाचवतं. ट्वीन असलेल्या नळीत चाचणी पास झाली म्हणजे पेप्टाइड बसलं असं नव्हे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत होते.

१५० मिलिमोलर मीठ जोडणीच्या बफरमध्ये हवंच. मीठ नसेल तर के-थरातले धन भार शेजारच्या कणावरच्या कार्बॉक्सिलांना असेच चिकटतात, गुंडाळी न होताच.

---

उत्तर : हेलिक्सवाला

"निळा रंग आला की?" याचं उत्तर : नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते.

रंग बदलतो तो कणांमधल्या फटीमुळे. एल-सय्यद यांच्या गटाने २००७ मध्ये दिलेलं सूत्र अंदाजाला पुरेसं आहे. फट भागिले व्यास, त्याला ०.२३ ने भागा, त्याचा ऋण घातांक काढा आणि ०.१८ ने गुणा. पीक मूळ लांबीच्या तेवढ्या पटीने लाल बाजूला सरकतं. १३ नॅनोमीटरच्या जोडीला लावून पाहा. फट १ नॅनोमीटर : सरक ६७ नॅनोमीटर. फट ३ : ३४. फट ५ : १८. फट ८ : फक्त ६.

तुमची गुंडाळी ३.१५ ची, दोन्हीकडचे दुवे धरून फट ५ च्या आसपास. म्हणजे नीट जुळलेल्या जोडीचं पीक ५४० च्या जवळ असायला हवं. मोठे पुंजके झाले तर थोडं आणखी पुढे जाईल, कारण सूत्र दोनच कणांचं आहे. डोळ्याला ते निळं दिसणार नाही. कोकम सरबतात जांभळाचा रस पडल्यासारखं दिसेल. पीक ६०० च्या पुढे गेलं, द्रावण आभाळी निळं झालं, तर कण एक-दीड नॅनोमीटरवर आलेत. एवढ्या फटीत गुंडाळी मावतच नाही. ती जोडणी पेप्टाइडने केलेली नाही.

जोडणीचा प्रयोग असा लावा : दोन्ही सोनी ५-५ नॅनोमोलर, १० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.४, १५० मिलिमोलर मीठ, २५ अंश. दर ५ मिनिटांनी ४०० ते ८०० स्कॅन, दोन तास. सोबत या नळ्या हव्यातच :

ई-सोनं एकटं आणि के-सोनं एकटं, त्याच बफरमध्ये. ई-सोनं आणि नुसत्या सी-ए-एल-एन-एन चं सोनं. ई-सोनं आणि विस्कटलेल्या के चं सोनं : तेच अवशेष, तोच भार, पण आय आणि एल यांच्या जागा अशा बदललेल्या की गुंडाळीचा चिकट पट्टाच तयार होणार नाही. ही शेवटची नळी सगळ्यात महाग पडते (आणखी एक पेप्टाइड), आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. पण भाराची ओढ आणि खरी गुंडाळी यांत फरक करणारी दुसरी नळी नाही.

परत सुटं करायचं तर नुसतं तापवू नका. एका कणावर अनेक गुंडाळ्या असतात. एक सुटली तरी शेजारच्या धरून ठेवतात, आणि थंड होताच सगळ्या परत जुळतात. सिस्टीन नसलेलं मोकळं के-पेप्टाइड २० मायक्रोमोलर घाला आणि ६० अंशांवर १५ मिनिटं ठेवा. मोकळं के सुटलेल्या ई ला झाकतं, कण पुन्हा जोडले जात नाहीत. पीक ५२४ ला परतलं तर जोडणी पेप्टाइडचीच होती. ७०-८० वर नेऊ नका, सोन्यावरून थायॉल निघू लागतं आणि मग जे बिघडतं ते कायमचं.

सोन्यावर नेण्याआधी मोकळ्या पेप्टाइडची सीडी (वर्तुळ-ध्रुवीकृत प्रकाशाने पीळ ओळखणारी मोजणी) करून घ्या, हे सांगायचं राहिलं. ई आणि के ५०-५० मायक्रोमोलर, १ मिलिमीटरची क्युव्हेट. २०८ आणि २२२ वर दोन खड्डे दिसले पाहिजेत, आणि मिश्रणाचे खड्डे दोघांच्या सरासरीपेक्षा ठळक खोल. तिथे सोडियम क्लोराइड वापरू नका, क्लोराइडमुळे २०० च्या खाली सगळं काळोख होतो. सोडियम फ्लोराइड घ्या.

---

उत्तर : दुहेरी_पीळ

मंडळी, इतकी उठाठेव कशाला? कण वेगळे करा, झाका, धुवा, मग जोडा... पेप्टाइडलाच सोनं घडवूही द्या आणि रचूही द्या. पिट्सबर्गच्या रोझी यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलेली पद्धत : ए-वाय-एस-एस-जी-ए-पी-पी-एम-पी-पी-एफ हे पेप्टाइड, त्याच्या एन-टोकाला १२ कार्बनची चरबीची शेपटी. शेपटीमुळे पेप्टाइड धाग्यासारखं रचलं जातं, पेप्टाइडचा भाग सोनं धरतो, आणि ०.१ मोलर हेपीजमध्ये क्लोरोऑरिक आम्ल घातलं की धाग्यावर कण उगवतात. वेगळा क्षपणक लागत नाही, हेपीजमधलं पिपेराझिनचं वलयच ते काम करतं. निघतात त्या आठेक नॅनोमीटरच्या कणांच्या दुहेरी सर्पिल माळा, एका पिळाची लांबी ८३ नॅनोमीटरच्या घरात. गंमत म्हणजे हे पेप्टाइड मुळात चांदीसाठी निवडलं गेलं होतं.

बिघडतं कुठे, ते सांगतो. पीएच ७.३ च्या आसपासच ठेवा. पेप्टाइड ५० ते १०० मायक्रोमोलर, विरघळल्यावर अर्धा तास तसंच. सोनं घातल्यावर क्षणभर ढवळा आणि मग हात लावू नका. ढवळत राहिलात तर धागे तुटतात आणि हाती फक्त सुटे कण येतात. नवव्या जागेवरचं मेथिओनिन सगळ्यात नाजूक, ते ऑक्सिडाइझ झालं की सोन्याची पकड ढिली पडते आणि माळेचं रूपच बदलतं. मास स्पेक्ट्रममध्ये १६ ने वाढलेलं पीक शोधा. असेल तर ती बॅच या कामाला नको.

क्लोरोऑरिक आम्ल तोलताना स्टीलचा चमचा नको. लोखंड सोन्याला क्षपण करतं, चमचा काळा होतो आणि स्टॉकमध्ये आधीच बिया पडतात. प्लास्टिक किंवा काचेचाच घ्या. हातमोजे घाला, बोटांवर पडलेले जांभळे डाग आठवडाभर जात नाहीत.

---

उत्तर : ऋणभार

पद्धत सुंदर आहे, पण यांच्या कामाची नाही. यांना जोडणी उलटवता यायला हवी. त्या माळा एकदा घडल्या की घडल्या, आणि कणांचा आकारही आपल्या हातात फारसा नाही. ज्याला वर्तुळ-ध्रुवीकृत प्रकाशावर काम करायचंय त्याने ती घ्यावी. एल-पेप्टाइडने डावा पीळ मिळतो, डी-पेप्टाइडने उजवा, आणि सीडीचं चिन्ह उलटतं.

उलटवायचंच असेल आणि तापवणं टाळायचं असेल तर तिसरा मार्ग जस्ताचा. लिंशॉपिंगच्या आयली आणि लीडबर्ग यांनी ग्लुटामेट भरपूर असलेलं पेप्टाइड सोन्यावर बसवलं. पीएच ७ ला ते घडी घालत नाही, जस्ताचे आयन दिले की घडी होते आणि कण जुळतात, ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) घातलं की सुटतात. फक्त फॉस्फेटमध्ये करू नका, झिंक फॉस्फेटचा पांढरा साका बसेल. बिस-ट्रिस बफर घ्या.

---

तांबूस_कोलॉइड

सी-टोकाच्या सिस्टीनचं के आणि विस्कटलेलं के, दोन्ही ९५ टक्क्यांचे मागवतो. एकच शंका राहिली. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) दाखवायचं झालं तर सुटे कणही ग्रिडवर वाळताना एकत्र येतात. मग जोडलेले कोणते आणि वाळल्यामुळे जमलेले कोणते, हे ठरवायचं कसं?

---

उत्तर : बफर_बावळा

पहिली गोष्ट, मीठ काढा. १५० मिलिमोलर मिठाचा थेंब ग्रिडवर वाळला की मिठाचे चौकोनी स्फटिक आणि त्यांच्या कडेला ओळीने लोटलेले कण दिसतात, कितीही सुटे असोत. ३ मायक्रोलिटर थेंब, ग्लो डिस्चार्ज केलेली कार्बन ग्रिड, एक मिनिट. फिल्टर पेपरने कडेकडून टिपा, वाळू देऊ नका. लगेच पाण्याचे दोन थेंब, तेही टिपा. कण ग्रिडला चिकटलेले राहतात, मीठ जातं.

दुसरं, एक-दोन सुंदर चित्रं निवडू नका. मिश्रण, एकटं ई-सोनं आणि विस्कटलेल्या के चं मिश्रण, तिन्ही एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या ग्रिडवर, त्याच संहतीला. प्रत्येकी निदान २०० कण मोजा आणि शेजारच्या कणापर्यंतची फट काढा. वाळून जमलेल्या कणांची फट एक-दोन नॅनोमीटर आणि वेडीवाकडी असते. गुंडाळीने धरलेल्यांची एका आकड्याभोवती जमते, तीही द्रावणातल्यापेक्षा कमीच, कारण निर्वातात पेप्टाइड आकसतं.

डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा सोबत द्या, पण त्याच्यावर फार विसंबू नका. विखुरलेला प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे हजारात चार मोठे पुंजके असले तरी यंत्र त्यांचंच गाणं गातं. दोन तासांचे स्कॅन आणि मोकळ्या के ने सुटं झाल्यानंतरचा स्कॅन एकाच आलेखात टाका, परीक्षक आधी तोच पाहतात.